ट्रॅव्हलर व्हॅनला टो-बार आणि सात पिनचं वायरिंग : एक लग्नसराई आणि एक पावसाळा झाल्यावर

कोल्हापुरात लोखंडाचं काम करून घेणं अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात सकाळी कागदावर नुसती आकृती काढून दिली तरी संध्याकाळपर्यंत जाड प्लेट कापून, भोकं पाडून हातात मिळते. त्यामुळं व्हॅनच्या मागं ट्रॉली ओढायला हूक बसवायचा म्हटलं की सगळे लोखंडावरच बोलतात. प्लेट किती एमएमची, रॉड कुठला, बोल्ट कुठला. मला विचाराल तर लोखंड बहुतेक मेस्त्री नीट करतात. रात्री हायवेवर ट्रॉली भरवशाची राहते की नाही, हे वायरिंगवर ठरतं.

आमचा मंडप, लाईट आणि जनरेटरचा धंदा. गाडी फोर्स ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन, बीएस-४ मधली, मागच्या चाकांना ड्राईव्ह, मागं पाटे. ट्रॉलीवर १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर. ट्रॉली, जनरेटर, डिझेल आणि केबलची बंडलं धरून वजनकाट्यावर नऊशे किलोच्या आसपास भरतं. कामं जास्त करून पन्हाळा, जोतिबा, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात. कोकणातलं लग्न असलं तर आंबा घाट नाहीतर गगनबावडा.

गाडी जुनी घेतली तेव्हा हूक होताच. ट्रॅक्टरला असतो तसा, यू आकाराच्या पट्टीत वरून पिन टाकायची. आधीच्या मालकानं कुणाकडून तरी तो बंपरमागच्या आडव्या पट्टीला थेट वेल्डिंग मारून घेतलेला. पिन आणि रिंग यांच्यात बोटभर जागा, त्यामुळं गिअर बदलला की ट्रॉली मागून धडका द्यायची. ऊस ओढायला ते चालतं, ट्रॅक्टरचा वेग तेवढाच असतो. साठच्या वेगानं जाणाऱ्या व्हॅनला तो धक्का रोज खाऊ घातला की काय होतं ते वेल्डिंगच्या कडेला दिसायला लागलं होतं. केसाएवढी चीर, गंजाची लाल रेघ आलेली. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड ठिसूळ होतं आणि चीर बहुधा तिथूनच सुरू होते. म्हणून तो कापून काढला आणि नवा, बोल्टवर बसणारा टो-बार करून घेतला. वर ५० एमएमचा बॉल, त्यावर ट्रॉलीच्या नाकाचं वाटीसारखं कपलिंग बसतं.

लोखंडाचं थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना चासीच्या लांब पट्ट्यांना आतून ब्रॅकेट, मध्ये चौकोनी पाईपची आडवी बार, बारला बॉलची प्लेट. भोकं चासीच्या उभ्या बाजूला पाडायची, वरच्या-खालच्या आडव्या काठाला हात लावायचा नाही; वाकण्याचा सगळा ताण त्या काठांवर असतो. जिथं चासी पेटीसारखी बंद आहे तिथं बोल्टभोवती आतून पाईपचा तुकडा घालायचा, नाहीतर आवळताना पेटीच चेपते आणि बोल्ट आवळल्यासारखा वाटून नंतर सैल पडतो. आमच्या मेस्त्रीनं हे न सांगता केलं. पेटीच्या आतलं दाखवताना म्हणाला, ‘‘आण्णा, हे दिसत नाही म्हणून कोण करत नाही.’’ बोल्ट एम-१२, ८.८ ग्रेडचे, नायलॉक (सहज सैल न होणाऱ्या) नटसह, टॉर्क पान्यानं ८० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेले. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला तेव्हा दोन बोल्ट थोडे फिरले. त्यानंतर आजतागायत एकही हललेला नाही.

बॉल मात्र बाजारातला तयार घ्या, लेथवर करून घेऊ नका. करून देतील, फिनिशही झकास देतील, पण त्या पोलादाची ताकद कोण सांगणार? तयार बॉलवर डी-व्हॅल्यू, म्हणजे तो ओढीचा किती जोर सोसेल तो आकडा, कोरलेली असते, किलोन्यूटनमध्ये. हिशेब सोपा आहे: गाडीचं आणि ट्रॉलीचं वजन टनात घेऊन गुणायचं, दोन्हींच्या बेरजेनं भागायचं, ९.८१ नं गुणायचं. गाडी भरून साडेतीन टन आणि ट्रॉली ०.९ टन धरली तर उत्तर सातच्या जवळ येतं. बॉलवरचा आणि बारचा आकडा याच्या वर पाहिजे. आणि या सगळ्याच्या आधी गाडीच्या पुस्तकात कंपनी किती ओढायला परवानगी देते ते बघायचं. ते सोडून बाकी गणित मांडण्यात अर्थ नाही.

उंचीत गडबड करू नका. गाडी भरलेली असताना जमिनीपासून बॉलच्या मध्यापर्यंत ३५० ते ४२० एमएम, हा युरोपातला नियम आहे आणि तो मला प्रत्यक्षात पटला. जुना हूक बराच वर होता, ट्रॉली नाक वर करून चालायची, मागची बाजू खड्ड्यात घासायची. आता ट्रॉली सरळ चालते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रॉली बॉलवर किती वजनानं टेकते ते. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे आमच्याकडं ४५ ते ६३ किलो. हे मोजायला मार्केट यार्डातल्या ओळखीच्या गूळवाल्याचा प्लॅटफॉर्म काटा वापरला. काट्यावर लाकडी ठोकळा उभा केला, त्यावर ट्रॉलीचं नाक टेकवलं. पहिल्यांदा जेमतेम वीस किलो आलं. जनरेटर ट्रॉलीवर थोडा पुढं सरकवून पुन्हा बोल्ट मारले आणि पंचावन्नच्या आसपास आणलं. फरक लगेच कळला. पूर्वी पुणे-बेंगळुरू हायवेवर मोठी बस बाजूनं गेली की ट्रॉली शेपटी हलवायची, गाडीचं स्टिअरिंग हातात नाचायचं. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत मागच्या चाकांपासून हूक बराच लांब पडतो, त्यामुळं ट्रॉलीचा प्रत्येक हेलकावा तरफेसारखा वाढून गाडीपर्यंत येतो. पण नाकाचं वजन वाढवतच गेलात तर त्याच तरफेनं पुढची चाकं हलकी होतात. चढाला वळणावर ते जाणवतं.

आता वायरिंग.

जुन्यात काय केलं होतं बघा. टेललॅम्पच्या वायरी ब्लेडनं सोलून ट्रॉलीच्या वायरी त्याला गुंडाळलेल्या, वर काळी टेप. अर्थिंगची वेगळी वायरच नाही. ती बॉडीतून, म्हणजे हुकाच्या पिनेतून जाणार हे गृहीत धरलेलं. उभ्या गाडीत सगळे दिवे लागायचे. चालत्या गाडीत पिन उडाली, थोडं ग्रीस मध्ये आलं, की अर्थिंग तुटायचं. मग खरी गंमत. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा पेटायच्या ऐवजी पार्किंग आणि इंडिकेटर मंद उजळायचे, कारण करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो बाकीच्या बल्बांच्या तारांमधून उलटा शिरून गाडीकडून अर्थ शोधतो. मागच्याला वाटायचं ट्रॉलीला भूत लागलंय. तुमच्याकडं असं काही होत असेल तर बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थिंग बघा.

नवीन काम एका वायरमनकडून करून घेतलं, तो मुळात बसगाड्यांचं वायरिंग करतो. सात पिनचा सॉकेट, युरोपात चालणाऱ्या क्रमानं: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवं पार्किंग, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावं पार्किंग. हा क्रम कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. आडगावात ट्रॉलीचा दिवा गेला तर तिथला वायरमन पाच मिनिटांत लावतो, ही त्या कागदाची किंमत. पांढरी वायर बाकीच्यांपेक्षा जाड, २.५ चौरस एमएमची घेतली. दोन ब्रेकचे २१ वॅटचे बल्ब, इंडिकेटर, पार्किंग, नंबरप्लेट, सगळ्यांचा करंट परत येतो तो एकट्या तिच्यातूनच. चासीला जिथं जोडली तिथला रंग घासून चकचकीत लोखंड केलं, मग लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून वरून पुन्हा रंग. तशीच वेगळी अर्थ वायर ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत.

आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे बायपास रिले बॉक्स. मेस्त्री लोक याला फालतू खर्च म्हणतात. माझं मत उलट आहे. हा बॉक्स टेललॅम्पच्या वायरमधून फक्त इशारा घेतो, नगण्य करंट ओढतो. ट्रॉलीच्या दिव्यांचा खरा करंट बॅटरीवरून वेगळ्या जाड वायरनं, १५ ॲम्पिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून येतो. एका २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन ॲम्पिअर लागतात. ट्रॉलीचे सगळे बल्ब गाडीच्या मूळ वायरवर टाकले तर गाडीचे स्विच आणि फ्यूज त्या हिशेबानं बनवलेलेच नसतात. शिवाय फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले, फसतो. गाडीचा एक इंडिकेटर उडाला तर फ्लॅशर भरभर टिकटिक करून सांगतो, पण ट्रॉलीचा बल्ब जोडलेला असला की त्याला लोड पुरेसा वाटतो आणि तो गप्प बसतो. बॉक्समध्ये एक छोटा बझर आहे, ट्रॉलीचे इंडिकेटर चालू असले की टुकटुक करतो. पहिले काही दिवस कानाला खुपला. आता आवाज नाही आला तर मी खाली उतरून बघतो.

या बॉक्सनं पैसे पावसात वसूल केले. आषाढात गगनबावड्याहून रात्री येताना ट्रॉलीच्या एका दिव्यात पाणी शिरून शॉर्ट झाला. ट्रॉलीचा फ्यूज उडाला, ट्रॉली अंधारात गेली, पण गाडीचे मागचे दिवे, ब्रेक, सगळं शाबूत. जुन्या जोडणीत गाडीचं पार्किंगही गेलं असतं आणि धुक्यात दोन्ही वाहनं मिळून एक काळा ठोकळा झाला असता. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर पट्ट्या लावलेल्या होत्या, त्यांच्या भरवशावर कळे गावापर्यंत सावकाश आलो आणि फ्यूज तिथं बदलला. गाळपाच्या हंगामात रात्री या जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला रिफ्लेक्टरचं महत्त्व सांगायची गरज नाही. बिनदिव्याची उसाची ट्रॉली अचानक बॉनेटपुढं उभी राहते म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. आपली ट्रॉली दुसऱ्याच्या बॉनेटपुढं तशी येऊ नये एवढंच.

सॉकेट बंपरच्या खाली नको, बाजूला आणि झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला राहील असा लावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिना हिरव्या पडायला लागल्या होत्या. साफ करून पेट्रोलियम जेली भरली, मग त्रास नाही. जोड सगळे क्रिम्प करून (दाबून) वर चिकट लायनिंगवाली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. साध्या टेपच्या जोडात पाणी तारेच्या आतून केशाकर्षणानं फूटभर पुढं जातं आणि तांबं आतून हिरवं होतं, वरून काही दिसत नाही. जुनी वायर कापली तेव्हा हेच निघालं.

ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या सांगतो. बॉल मागं हातभर बाहेर येतो. सामान उतरवणाऱ्या आमच्या सगळ्या पोरांच्या नडग्या त्यानं एकदा तरी चाखल्यात. टेनिस बॉल कापून घातलाय, तरी. ट्रॉली जोडलेली असताना मागचं दार पूर्ण उघडत नाही, जॉकी व्हीलचं, म्हणजे ट्रॉलीच्या नाकाखालच्या छोट्या चाकाचं, हँडल आडवं येतं. ते हँडल काढता येणारं घेतलं असतं तर बरं, असं सगळे सांगतात, पण आमच्या ट्रॉलीला बसणारं मिळालं नाही. रिव्हर्स सेन्सर बॉललाच भिंत समजून कायम ओरडतो. स्पायरल केबल छान दिसते, पण लांबी कमी पडली तर तीव्र वळणावर प्लग ओढला जातो. आम्ही दुसरी, लांब बसवली.

ब्रेकबद्दल एक आग्रह. युरोपात बिनब्रेकची ट्रॉली ७५० किलोपर्यंतच चालते. आमच्या ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक आहे, गाडी हळू झाली की ट्रॉलीच्या पुढं येणाऱ्या धक्क्यानं तो लागतो, आणि आंबा घाट उतरताना तो नसता तर मी हे वजन व्हॅनच्या मागं लावलंच नसतं. सेफ्टी चेन दोन, कपलिंगच्या खालून एकमेकींना छेद देऊन. कपलिंग सुटलंच तर नाक त्या चेनांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

कागदपत्रांचं : मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. म्हणजे ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र नंबर, आणि तो नंबर दिसेल असा दिवा. गाडीत केलेल्या बदलांना कलम ५२ लागतं, त्यामुळं काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. जनरेटरच्या कितीतरी ट्रॉल्या बिननंबरच्या फिरतात हे खरं, पण अपघातानंतर विम्याच्या दारात उभं राहिल्यावर ते कारण चालत नाही.

खर्चाचे आकडे देत नाही, लोखंडाचा भाव महिन्याला बदलतो. एवढं सांगतो की लोखंड, बॉल आणि मजुरी मिळून जेवढे गेले, त्याच्या निम्म्याहून जास्त वायरिंग, बॉक्स आणि सॉकेटला गेले. उद्यमनगरात हे प्रमाण सांगितलं की लोक हसतात. ट्रॉली ओढताना ॲव्हरेज पडतं, चढाला जास्तच. बॉलची झीज व्हर्नियरनं बघतो. ४९ एमएमवर आला की तो बदलायचा. अजून ते लांब आहे.

नवीन बीएस-६ गाडीवाल्यांनी दिव्यांच्या वायरी सोलायच्या भानगडीत पडू नये. बऱ्याच गाड्यांत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) सांभाळतं, ते बल्बचा करंट मोजत असतं आणि परका लोड दिसला की वॉर्निंग लावतं किंवा आउटपुट बंद करतं. त्यांना त्या गाडीचंच हार्नेस (तयार वायरिंगचा संच) किंवा निदान बायपास बॉक्स हवाच.

ट्रॉलीचे दिवे एलईडी करावेत असं आमचा वायरमन मागं लागलाय. बॉक्स असल्यानं फ्लॅशर भरभर चालायची अडचण येणार नाही, पाणीही कमी शिरेल. पण साधा २१ वॅटचा बल्ब आजऱ्यात, बांद्यात, कुठल्याही पंक्चरवाल्याकडं रात्री दहालाही मिळतो आणि सीलबंद एलईडीचा दिवा गेला तर पूर्ण दिवाच बदलावा लागतो. पुढची लग्नसराई संपेपर्यंत बल्बच ठेवणार आहे.