काळी दोन, पायपेटी आणि नवं सीरम

वैशाखात नागपुरात सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे लॅपटॉपमध्ये आवाज घडवणारी वाद्यं, तपासायचे तर आधी लॅपटॉप कुठे ठेवायचा ते ठरवावं लागतं. मी मानेवाड्याच्या आमच्या खोलीत कूलरसमोर दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालतो आणि त्यांवर तो ठेवतो, म्हणजे खालूनही हवा लागते. कूलर सुरू असेल तर माईक बंद, माईक सुरू असेल तर कूलर बंद. त्यामुळे रेकॉर्डिंग पहाटे पाचला आणि बाकीची खुडबूड दुपारी. बाहेर ४५ अंश असताना कुठला सिंथ लॅपटॉपला रडवतो ते दुपारी लगेच कळतं. डिसेंबरात मात्र सगळेच शहाण्यासारखे वागतात.

मी कीबोर्डवाला. दिवाळीच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांना वाजवतो. वडसा मुक्कामी मंडळी जमते आणि तिथून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातली गावं. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटे पडतो. उरलेल्या वर्षात भीमजयंतीची गाणी, गणपतीची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक. लॅपटॉप आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमचा, पाच वर्षं जुना. रेकॉर्डिंगला रीपर, कारण त्याचं साधं लायसन्स ६० डॉलरचं आणि तो जुन्या मशीनवरही चुपचाप चालतो. एवढ्या सामानावर मी हे सिंथ वापरले, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

सुरुवात सीरमपासून. स्टीव्ह ड्यूडाचं हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये आलं, आणि गेल्या दहा वर्षांत डीजेच्या भिंतीतून जो करकरीत, दात शिवशिवणारा बेस ऐकू येतो त्यातला बराचसा ह्याच्या पोटातून आलेला आहे. मी ते महिना दहा डॉलरच्या हप्त्याने घेतलं होतं. मार्च २०२५ मध्ये सीरम २ आलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते फुकट मिळालं. नव्याने घेणाऱ्याला किंमत २४९ डॉलर, म्हणजे एकवीस-बावीस हजार रुपये. एवढ्या पैशात झाडीपट्टीतल्या एखाद्या गावच्या मंडळाचा मंडप उभा राहतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

जुन्या सीरममध्ये दोन मुख्य ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज काढणारे भाग, होते आणि दोन्ही वेव्हटेबलचे. वेव्हटेबल म्हणजे एकाच आवाजाची २५६ पर्यंत चित्रं ओळीने लावायची आणि वाजवताना त्यांच्यातून सरकत जायचं. आता ऑसिलेटर तीन झाले, आणि प्रत्येकात वेव्हटेबलऐवजी साधं सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज), मल्टिसॅम्पल (एकाच वाद्याचे रेकॉर्ड केलेले बरेच सूर), ग्रॅन्युलर किंवा स्पेक्ट्रल टाकता येतं. फिल्टर दोन झाले. आर्पेजिएटर आला, आतच छोटा सीक्वेन्सर आला. जुने प्रीसेट जसेच्या तसे उघडतात. ही झाली यादी, ती कुठेही मिळेल. मला भावलं ते मल्टिसॅम्पल.

कारण सांगतो. आमच्या मंडळीत एक जुनी पायपेटी आहे. संगीत नाटकांच्या काळातला ऑर्गन, दोन्ही पायांनी भाता मारत वाजवायचा. आता ट्रकमध्ये चढवताना तिचा एकेक सांधा बोंबलतो, म्हणून तीन हंगामांपासून ती कोपऱ्यात झाकून आहे आणि तिच्या जागी माझा कीबोर्ड. कीबोर्डमधला 'ऑर्गन' आवाज म्हणजे चर्चमधला किंवा इंग्रजी रॉक बँडमधला. नाट्यपदाखाली तो वाजला की म्हातारे प्रेक्षक तोंड वाकडं करतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मग मी पहाटे त्या पायपेटीच्या दर तिसऱ्या पट्टीचा सूर दहा-दहा सेकंद रेकॉर्ड केला. असे वीस सूर झाले. एसएफझेड नावाचा एक मजकुराचा साधा प्रकार आहे. त्यात कोणती फाईल, कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत आणि तिचा मूळ सूर कोणता, एवढं नोटपॅडमध्ये लिहायचं. ती फाईल सीरम २ ने एका झटक्यात घेतली. त्यानंतर त्या आवाजावर सीरमचे फिल्टर, एन्व्हलप, एलएफओ (आवाज लाटेसारखा हलता ठेवणारा भाग) सगळं लावता येतं. वीस सुरांमधल्या तीन रीड जरा बेसूर होत्या. त्या तशाच ठेवल्या.

ग्रॅन्युलर हे पोरांचं खेळणं आहे असं वाटलं होतं. पोळ्याच्या पाडव्याला इतवारीत मारबतीची मिरवणूक मोबाईलवर टिपली होती. ढोलताशे, मध्ये 'घेऊन जा गे मारबत'चा गलका. ती फाईल ग्रॅन्युलरमध्ये टाकली. हा ऑसिलेटर रेकॉर्डिंगचे अगदी बारीक तुकडे करतो आणि एकावर एक चढवून वाजवत राहतो. तुकडे मोठे ठेवले तर गर्दी ओळखू येते. लहान केले की तीच गर्दी लांबून येणाऱ्या वाऱ्यासारखी होते, पण तिच्यात माणसं आहेत हे कानाला कळत राहतं. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी, बाप घर सोडून निघतो तिथे, मी हे वाजवलं. विंगेतून एक पोरगी विचारायला आली की बाहेर काही झालं का.

पण ह्याची किंमत लॅपटॉप मोजतो. चार बोटांचा कॉर्ड आणि प्रत्येक बोटाखाली वीस तुकडे धरले तर एका वेळी ऐंशी आवाज झाले, हा हिशोब आहे. माझ्या जुन्या मशीनवर बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी लॅपटॉप जेवढा साठा करतो तो, २५६ ला ठेवला की दुपारी आवाजात कटकट सुरू होते. ५१२ केला की थांबते, पण मग पट्टी दाबल्यापासून आवाज यायला बारा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि ते तबलजीला कळतं. तो काही बोलत नाही, फक्त माझ्याकडे बघतो. म्हणून स्टेजवर ग्रॅन्युलरचे आवाज आधीच ऑडिओ करून नेतो. नवं मशीन असेल त्याला ही अडचण येऊ नये.

व्हायटल ह्या दुसऱ्या सिंथबद्दल थोडक्यात, कारण ते माझं नाही, भाच्याचं आहे. मॅट टायटेल ह्या एकट्या माणसाने लिहिलेलं, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेलं, आणि त्याची मूळ आवृत्ती फुकट. "मामा, तुम्ही काऊन एवढे पैसे टाकले? हे तर फुकटात भेटून राहिलं," असं तो मला दर भेटीत ऐकवतो. वेव्हटेबलपुरतं बोलायचं तर त्याचं खरं आहे. एलएफओ माऊसने ओढून कुठल्याही बटणावर सोडायचा, लागलीच ते बटण डोळ्यांदेखत नाचायला लागतं. शिकणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. त्यात लिहिलेला शब्द बोलून दाखवणारं वेव्हटेबलही होतं. भाच्याने 'नागपूर' लिहिलं, तर कुणी गोरा साहेब नाकात बोलल्यासारखं काहीतरी निघालं. दिवसभर हसलो.

डेक्स्डही फुकट. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स ७ ह्या कीबोर्डची नक्कल. सहा ऑपरेटर (साध्या लहरी) आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ तऱ्हा, म्हणजे अल्गोरिदम. ऑर्केस्ट्रात जुन्या हिंदी गाण्यांना तो काचेच्या गोट्यांसारखा इलेक्ट्रिक पियानो लागतो, तो ह्यात आहे. मी ह्यात नवा आवाज बनवायच्या फंदात पडत नाही. त्या काळातही फार कुणी पडत नव्हतं म्हणतात.

आता सर्ज एक्सटी, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला बसलो. हा सिंथ आधी विकत मिळायचा. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने कोड सगळ्यांसाठी खुला केला, स्वयंसेवकांनी तो पुढे नेला, आणि २०२२ मध्ये एक्सटी ह्या नावाने नव्याने आला. फुकट, लॉगिन नाही, लिनक्सवरही चालतो. दिसायला सरकारी अर्जासारखा, सगळ्या रकान्यांत काहीतरी भरायचंय असं वाटतं. पहिल्या दिवशी मी तो बंद करून टाकला होता.

पण त्यात ट्यूनिंग एडिटर आहे, म्हणजे स्वर हवे तसे लावून घ्यायची सोय. पेटीचा जुना आजार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कीबोर्डवर बारा स्वर सारख्या अंतरावर, त्यामुळे शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो (एका पट्टीचे शंभर सेंट). गळ्यातला, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सा च्या सव्वापट, म्हणजे ३८६ वर. १४ सेंटचा फरक. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे मींड न निघण्याबरोबर हेही एक कारण होतं. ट्यूनिंगची फाईल सीरममध्येही घालता येते, व्हायटलमध्येही. सर्जमध्ये ती तुमच्यासमोर उघडते. स्वर गोलावर मांडलेले दिसतात, त्यातला एखादा धरून सरकवता येतो, आणि पट्टी दाबून लगेच ऐकता येतो. मी नोटपॅडमध्ये सा च्या पटीत बारा ओळी लिहिल्या: कोमल रिषभ १६/१५, रिषभ ९/८, कोमल गंधार ६/५, गंधार ५/४, मध्यम ४/३, असं करत वरच्या सा चे २/१. फाईल ओढून सर्जवर सोडली. तार छेडल्यासारखा आवाज देणारा त्याचा स्ट्रिंग ऑसिलेटर घेतला आणि सा-प धरून गंधार लावला. खोलीतला कूलर बंद केला. गंधार पुन्हा लावला.

मग तालमीला गेलो आणि तोंडावर पडलो. आमचे गायक नट काळी दोनमध्ये गातात, म्हणजे त्यांचा सा दुसऱ्या काळ्या पट्टीवर. मी सवयीने कीबोर्डचं ट्रान्सपोझ तीनने वर नेलं, म्हणजे पांढरी एक दाबली की काळी दोन वाजते. तबला माझ्याच सा वर लावून घेतला. पहिलं पद नीट गेलं. शेवटची भैरवी सुरू झाली आणि कोमल रे, कोमल ग, कोमल ध तिन्ही असे पडले की नटाने गाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "बे, आज पेटी माझ्याशी भांडून काऊन राहिली?"

रात्री हिशोब केला. कीबोर्डने ट्रान्सपोझ केलं तरी सर्जच्या लेखी सा पांढरी एकलाच होता. माझा सा त्याच्या कोमल गंधारावर बसला होता. तिथून मोजलं तर शुद्ध गंधार, मध्यम, पंचम योगायोगाने चोख निघतात, म्हणून आधीच्या पदात कळलं नाही. पण तिन्ही कोमल स्वर ४१ सेंटनी खाली जातात, जवळजवळ अर्ध्या पट्टीने. उपाय म्हणजे दुसरी एक छोटी फाईल, जी सा कुठल्या पट्टीवर आणि किती हर्ट्झवर ते सांगते. काळी दोन म्हणजे मिडीची (पट्ट्यांना नंबर देणाऱ्या कीबोर्डच्या भाषेतली) ६३ नंबरची पट्टी, ३११.१३ हर्ट्झ. हर्ट्झ सा चेच द्यायचे. मी आधी पाठ असलेले पांढरी सहाचे ४४० दिले होते, तर सा च दहा सेंटनी चढला. आता माझ्याकडे काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, पांढरी पाच अशा पाच फाईली आहेत आणि गायक बदलला की फाईल बदलतो. पुढच्या तालमीत भैरवी संपल्यावर नट काहीच बोलले नाहीत, सरळ चहाला गेले. आमच्याकडे हे सर्टिफिकेट आहे.

रागानुसार रिषभ-धैवत बदलतात, बारा पट्ट्यांत बावीस श्रुती मावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी वेगळी पेटीच घडवली. माझं काम नाटकाचं आहे, बारा चोख स्वरांत भागतं. शिवाय सर्ज उन्हाळ्यातही माझ्या लॅपटॉपवर २५६ बफरला आरामात चालतो.

कुणी विचारलं तर: जुनं सीरम असेल तर आजच अपडेट करा, पैसे लागत नाहीत. नव्याने घ्यायचं असेल आणि वेव्हटेबलचेच आवाज हवे असतील तर व्हायटल पुरे. बावीस हजार तेव्हाच टाका, जेव्हा त्यात घालायला तुमच्याकडे स्वतःचं काही रेकॉर्ड केलेलं असेल. गायकांबरोबर वाजवत असाल तर सर्ज उतरवून घ्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष करा.

सीरममधल्या पायपेटीचं एक सांगायचं राहिलं. ती पेटी तीस वर्षं वाजवलेले काका आता सक्करदऱ्याला लेकीकडे असतात. त्यांना हेडफोन लावून ऐकवलं. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "सूर तिचाच हाय. पण हे श्वास नाही घेऊन राहिली." मी पुन्हा एका पहाटे जाऊन नुसता भाता रेकॉर्ड केला, पायाच्या फळ्यांची कुरकूर आणि हवेची फुसफूस. ते सीरमच्या नॉइज ऑसिलेटरमध्ये टाकलं, आणि एक संथ एलएफओ लावून दर फळीमागे सूर किंचित दबेल असं केलं. परत सक्करदऱ्याला गेलो. काकांनी अर्धं पद ऐकलं, हेडफोन काढले आणि उजवा गुडघा चोळत म्हणाले, "बंद कर बे, पाय दुखून राहिला."