पहिल्या टाकीत कोण: गोल्डफिश, फायटर की गप्पी?

पहिल्यांदा मासे घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात दुकानदार बहुतेक वेळा एकच संच ठेवतो: काचेचा गोल बाउल, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड आणि दोन छोटे गोल्डफिश. स्वस्तात काम होतं, पोरंही खूश. पण नवख्यांना जे तीन मासे हमखास विकले जातात, त्यांत सांभाळायला सगळ्यात अवघड गोल्डफिशच.

बोटाएवढा दिसणारा हा मासा नीट जगला तर वीतभर होतो आणि दहा वर्षं सहज काढतो. त्याला जठरच नसतं, त्यामुळे दिवसभर खा-खा करतो आणि तेवढीच घाणही करतो. या घाणीतला खरा घातक भाग म्हणजे अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चार-पाच लिटरच्या बाउलमध्ये तो दोन-तीन दिवसांतच साठतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि आपण म्हणतो, ‘पाणी तर स्वच्छ आहे की!’ दोन गोल्डफिशना निदान तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी द्यावी. म्हणजे साधारण दीडशे लिटर पाणी आणि दणकट फिल्टर. त्यात हा थंड पाण्यातला मासा. मे महिन्यात पाणी तिशीपार गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि हा धापा टाकू लागतो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ ठेवा, असं कुणी सुचवलं तर आधी दिवाणखाना मोजून घ्या.

फायटरची गोष्ट उलटी. मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि उथळ, साचलेल्या पाण्यातला. थायलंडनं 2019 साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कल्ल्यांशिवाय त्याच्या डोक्यात एक जादा अवयव असतो, त्यानं तो थेट हवेतून श्वास घेतो. दर थोड्या वेळानं वर येऊन एक घोट हवा घेताना तो तुम्हाला दिसेल. म्हणूनच दुकानात तो प्लॅस्टिकच्या ग्लासात तगून राहतो, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की त्याला तेवढीच जागा पुरते. तसं नाही. पंधरा-वीस लिटरची चौकोनी टाकी, मंद चालणारा स्पंज फिल्टर आणि वर झाकण, एवढं हवंच. झाकण नसेल तर एखाद्या सकाळी तो जमिनीवर सापडेल. पाणी 25 ते 28 अंश हवं. मुंबईत, कोकणात हीटरवाचून निभतं. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात छोटा हीटर लागतोच.

घेताना ग्लास उचलून बघा. बोट काचेजवळ नेलं की फायटर वळून बघतो का, कल्ले फुगवतो का? शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या किंवा कापूस चिकटल्यासारख्या असतील, पोट खपाटीला गेलं असेल, तर रंग कितीही भारी असला तरी राहू द्या.

एकच अट: तो एकटा राहील. गप्पीची लांब शेपटी त्याला प्रतिस्पर्धी वाटते, त्यामुळे ‘सोबतीला दोन गप्पी टाका’ हा सल्ला ऐकू नका.

गप्पी म्हणजे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं हौदांत सोडतं तोच मासा. दुकानातला त्याचा रंगीत शेपटीचा भाऊबंद. बोअरचं जड पाणी त्याला उलट मानवतं, ही सोसायट्यांत राहणाऱ्यांसाठी मोठीच सोय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू घालून साधारण पन्नास लिटर पाणी मावतं, आणि त्यात आठ-दहा गप्पी मजेत राहतात. भरलेली टाकी सत्तर किलोच्या आसपास जाते, तेव्हा टीपॉयवर नको.

अडचण एकच, पिल्लं. गप्पी थेट पिल्लं देते, महिन्या-सव्वा महिन्याला एक वेत. एकदा संग झालेली मादी नर नसतानाही पुढचे काही महिने पिल्लं देत राहते, त्यामुळे ‘नुसत्या माद्या’ हा तोडगा चालत नाही. नुसते नर घ्या. रंगही त्यांच्याकडेच असतात.

यातलं काहीही घेतलं तरी पहिला महिना सारखाच, आणि बहुतेक टाक्या इथेच फसतात. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. मध्ये पाणी दुधाळ होईल. घाबरून सगळं ओतून देऊ नका. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा, निम्मं काम होतं. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासे आणायला निघा.

त्यानंतर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालून. आरओचं नको, त्यात क्षारच उरत नाहीत. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. क्लोरीननं जिवाणू मरतात. काच साफ करायला ‘सकर’ नावाचा मासा देतील, तो घेऊ नका. फूटभराच्या वर वाढतो, आणि मग लोक नेऊन तळ्यात सोडतात. तेही करू नये.

माझं मत विचाराल तर भाड्याची खोली, एकटं राहणं, टेबलावर जेमतेम जागा असेल तर फायटर. घरात लहान मुलं असतील आणि दोन फुटांची भक्कम जागा असेल तर नर गप्पी. गोल्डफिशचा विचार वर्षभर टाकी सांभाळून झाल्यावर.

आणि गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, पण खाद्याचा डबा कपाटात ठेवून जा.