जुनी लीफ स्प्रिंगवाली सुझुकी फोर बाय फोर: काही महिने वापरल्यानंतर

समुराई, एसजे, जिप्सी. देशोदेशी नावं वेगळी, घराणं एकच, १९८१ साली आलेल्या एसजे मालिकेचं. माझी गाडी १.३ लिटर पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. चिखल, ओढे, दगडधोंडे आणि रोजचा डांबरी रस्ता, सगळीकडे फिरवून झाली आहे.

गाडी मनापासून आवडली. पण जुनी फोर बाय फोर बघायला जाणारे बहुतेक लोक आधी बॉनेट उघडतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. इंजिन उतरवता येतं, बांधून घेता येतं, नाहीच जमलं तर दुसरं बसवता येतं. चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, कुजलेली असेल तर मात्र बाकी सगळा खर्च पाण्यात. त्यामुळे मी आधी गाडीखाली शिरलो. पाट्यांचे हँगर, शॅकलची जागा, बॉडी माउंट, मागचा क्रॉस मेंबर, सगळीकडे छोटी हातोडी हलकेच मारत गेलो. धड लोखंड टणकन वाजतं, कुजलेलं भद्द आवाज करतं. चासी आतून पोकळ असते. भोकांतून शिरलेली माती आत ओल धरून बसते आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून वरून रंग चकाचक दिसण्याला काही अर्थ नाही. गाडीच्या पोटाला नुकताच काळा थर मारलेला दिसला, तर तो कशासाठी मारलाय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या चासीत गंज वरवरचाच होता. पोकळीत पाण्याचा झोत मारून माती काढली, पूर्ण वाळू दिली आणि मग बारीक नळीने आत वॅक्स फवारलं. वाळवायची घाई केली तर ओल आत कोंडली जाते, तेव्हा त्याला वेळ द्या.

सगळ्यात जास्त मेहनत पुढच्या ॲक्सलवर गेली. ठराविक वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेलं की स्टिअरिंग थाडथाड हलायचं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबायचं नाही. आधीच्या मालकाला एका गॅरेजने यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिला होता. डॅम्पर थरथर दाबतो, ढिलेपणा तसाच राहतो. ढिलेपणा नेमका कुठे आहे हे शोधायची पद्धत सोपी आहे. पुढचं चाक जॅकवर उचला, ॲक्सलखाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. प्ले (मोकळी हालचाल) जाणवला की दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिचं, बेअरिंग. माझ्याकडे दोन्ही बाजूंना किंगपिनच निघालं. खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खड्डे पडले होते, बोटाचं नख अडकत होतं. नवी बेअरिंग घालून, शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून नकल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा चाकासोबत वळणारा भाग, हाताला हवा तेवढा जड लागेपर्यंत बसवला. थरथर पूर्ण गेली.

नकल उघडलाच आहे तर ॲक्सलचं आतलं सीलही त्याच वेळी बदला. ते गेलं की डिफरन्शियलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचं) ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होऊन चाकामागे ओघळतं. लोक बाहेरचं सील बदलतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा, या गाडीत गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो वेगळा, तीन रबर माउंटवर टांगलेला, आणि मध्ये छोटा शाफ्ट. ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना खालून धक्का बसत असेल, लिव्हर थरथरत असेल, तर गिअरबॉक्स खोलण्याआधी हे माउंट बघा. माझ्याकडे एका माउंटचं रबर धातूपासून सुटलं होतं. तिन्ही नवे टाकले, शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसना ग्रीस मारलं आणि केबिन एकदम शांत झाली. अर्थात हायवेवर शांतता मागू नका. ट्रान्सफर केसचा हाय रेशोसुद्धा १.४१ आहे, म्हणजे टू व्हील ड्राइव्हमध्येही इंजिन जोरातच फिरतं. लो रेशो २.२७, आणि दगडांच्या चढावर त्याची मजा वेगळीच. मोठे टायर टाकले की हा फायदा कमी होतो. म्हणून मूळ मापाचेच ठेवले आहेत.

पाण्यात उतरणाऱ्यांनी ॲक्सलचे ब्रीदर (हवा येण्या-जाण्याची छोटी तोंडं) जरूर तपासावेत. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर समजा पाणी गेलंच. मी दोन्ही ब्रीदरना नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत वर नेली आहे. स्वस्त काम आहे, आणि माझ्या मते गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटच्या कितीतरी आधी करायचं.

कार्ब्युरेटर तीव्र चढावर कधी कधी दम सोडतो. फ्लोटची पातळी नीट लावल्यापासून हे खूप कमी झालंय, बंद नाही झालं. सीट कडक, पाटे रिकाम्या गाडीत उडवतात. पाट्यांचे बुश बदलल्यावर किरकिर गेली, उडणं तेवढंच आहे.

फोर व्हील कोरड्या डांबरावर लावू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जिरायला जागाच नसते आणि ताण शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर अडकली तर जोर करू नका, थोडं रिव्हर्स घ्या, सहज सुटते.

आता मागचे ड्रम उघडायचे आहेत. ओढ्यातून आल्यावर त्यात चिखल साचतो आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. लायनर घासले असतील तर सिलिंडरची रबरंही सोबतच बदलून घेईन.