जुनी परदेशी पोस्टकार्डं ऑनलाइन विकताना फोनचं कॅमेरा-भाषांतर: शिगम्यापासून चवथीपर्यंत वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, अॅप चांगलं आहे, फोनमध्ये ठेवाच, पण ते जे वाक्य देतं ते उचलून लिस्टिंगमध्ये चिकटवू नका. का ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

कुठलं अॅप ते लिहीत नाही कारण फुकटातली दोन-तीन आलटून पालटून वापरली आणि सगळ्यांच्या खोडी सारख्याच निघाल्या. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास सुरू केलं, आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होऊन गेली, म्हणजे बऱ्यापैकी माल हाताखालून गेलाय. माल येतो तो इथल्या, गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, नाहीतर जुनी घरं विकायला काढतात तेव्हा निघणाऱ्या पेटाऱ्यांतून, आणि ओळखीतल्या तारवट्यांच्या (बोटीवर नोकरी केलेल्यांच्या) घरच्या आल्बममधून. गोंयकार बोटीवर गेला, मोझांबिकला गेला, मोंबासाला गेला आणि बंदराबंदरातून घरी कार्डं टाकत राहिला, त्यामुळे एकाच बिस्किटाच्या डब्यात पोर्तुगीज, फ्रेंच, जर्मन, जपानी सगळं भरलेलं मिळतं. मला यातली एकही भाषा धड येत नाही, पोर्तुगीज थोडी कानावरची तेवढीच.

छापील अक्षरं असतील तर काम झक्कास. फोटोखालची ओळ, मागच्या बाजूचं प्रकाशकाचं नाव, हे दोन सेकंदात वाचतं. भाषांची पॅकं आधीच डाऊनलोड करून ठेवली की बाजारात नेट नसलं तरी चालतं, आणि तिथेच तर खरी गरज असते, कारण भाव करताना समोरच्याला कळता कामा नये की आपल्याला काय कळलंय. फक्त एक, चकचकीत फोटो-कार्डावर वरून उजेड पडला की काही वाचत नाही, कार्ड खिडकीपाशी थोडं तिरकं धरायचं. आणि भाषा 'आपोआप ओळख'वर ठेवू नका. पोर्तुगीजला कधी स्पॅनिश समजतं, कधी गॅलिशियन, आणि मग अर्थ थोडाथोडा सरकत जातो. भाषांतर मराठीत घेतलं तर आणखी विचित्र येतं, मी इंग्रजीत घेते आणि मराठी डोक्यात करते.

हाताने लिहिलेलं विसरा. १९२० च्या आसपासचं जर्मन कार्ड असेल तर त्यावरचं अक्षर बहुतेक वेळा त्यांच्या जुन्या कुरेंट वळणाचं असतं, किंवा झ्युटरलिन, जे तिकडच्या शाळांमधून १९१५ पासून शिकवायला लागले आणि १९४१ मध्ये बंद केलं. आजच्या जर्मन माणसालाही ते वाचता येईलच असं नाही तर फोनला कुठून येणार, पण फोन तसं म्हणत नाही ना, तो ठणकावून काहीतरी वाक्य देतो. व्याकरण बरोबर, अर्थ हवेतला. छापील गॉथिक अक्षरांत पण एक गंमत आहे, त्यातला लांब 'स' अगदी 'फ'सारखा दिसतो आणि गावाचं नाव पार बदलून जातं. हस्ताक्षर असलं की मी आता सरळ 'हाताने लिहिलेला मजकूर, जर्मन, वाचलेला नाही' असं टाकते आणि दोन्ही बाजूंचा मोठा स्कॅन देते. ज्याला वाचता येतं तो स्वतः वाचतो, आणि अशा लोकांना आपण अर्धवट वाचून दिलेलं आवडतही नाही. पत्ता असेल तर घर नंबर झाकते, शंभर वर्षं झाली तरी तिथे कोणीतरी राहत असेल.

आता मुख्य तक्रार. अॅपला शब्द कळतो, गाव कळत नाही. गोव्याच्या जुन्या कार्डांवर आपल्या देवळांना 'पागोद' छापलेलं असतं, पोर्तुगीज सगळ्याच देवळांना तसं म्हणायचे. मंगेशीचं देऊळ, दीपमाळ, तळी, सगळं फोटोत स्वच्छ दिसतंय आणि अॅप म्हणतं पॅगोडा. तसं टाकलंत तर ब्रह्मदेशाची कार्डं जमवणारा येऊन बघून जाईल, आणि फोंड्याच्या देवळांची कार्डं शोधणाऱ्याला तुमचं कार्ड सापडणारच नाही. १९५२ च्या सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाची कार्डं बऱ्यापैकी मिळतात, त्यावर 'एश्पोझिसांव' असतं, अॅप त्याचं 'एक्झिबिशन' करतं, वाचणाऱ्याला वाटेल पणजीत औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे लिस्बनकडून आलेल्या एका कार्डावरचा शिक्का, 'आंबुलांसिया', अॅपने दिलं रुग्णवाहिका! ते रेल्वेतलं टपाल, गाडीच्या डब्यात टपाल निवडायचे तिथला शिक्का. रेल्वे-टपालाचे शिक्के जमवणारे लोक वेगळेच असतात, चित्राकडे बघत पण नाहीत, शिक्का स्पष्ट असला की चांगले पैसे देतात. रुग्णवाहिका म्हणून विकलं असतं तर गेलं असतं चहाच्या पैशात. हे मला शेजारच्या भाईंनी सांगितलं, पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेले आहेत, मी कार्ड घेऊन गेले की 'हाड पळयां' (आण, बघू) म्हणतात आणि चष्मा लावतात. अॅपपेक्षा हळू पण चुकत नाहीत, आणि वर त्या गावाच्या दोन गोष्टी सांगतात.

नावं बदललेली गावं हा आणखी एक घोळ. लोरेन्सु मार्किश लिहिलेली कार्डं गोव्यात ढिगाने निघतात, ते शहर १९७६ पासून मापुतो. जर्मन कार्डावरचं ब्रेस्लाउ म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ, क्योनिग्सबेर्ग म्हणजे आजच्या रशियातलं कालिनिनग्राद. अॅप कधी जुनं ठेवतं, कधी स्वतःच नवं करून टाकतं, नियम काही कळला नाही. नुसतं 'मोसांबिक' असेल तर जास्त जपून, कारण ते बेटाचं पण नाव आहे आणि १८९८ पर्यंत राजधानी तिथेच होती, फोटोत किल्ला आणि समुद्र असेल तर बहुतेक बेटच. मी दोन्ही नावं देते, कार्डावर जे छापलंय ते पहिलं, आजचं नंतर.

मागची बाजू वाचायला मात्र अॅपचा खरंच उपयोग झाला, आणि विकणारे बरेच जण ती बाजू बघतही नाहीत. 'कार्त पोस्ताल' दिसलं की लोक फ्रान्स लिहून मोकळे होतात, पण जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषाच फ्रेंच, त्यामुळे कितीतरी देशांच्या कार्डांवर ते असतंच, आणि काही जुन्या कार्डांवर तर आठ-दहा भाषांत 'पोस्टकार्ड' छापलेलं असतं, अशा वेळी अॅप कुठली भाषा पकडेल याचा नेम नाही. जर्मन 'फेर्लाग' म्हणजे प्रकाशक, ते गावाचं नाव नव्हे, मी एका लिस्टिंगमध्ये ते गाव म्हणून टाकलेलं बघितलंय. हिंदुस्थानातली दृश्यं असलेली पुष्कळ कार्डं तेव्हा जर्मनीत छापून यायची, म्हणून मागे जर्मन दिसलं तरी कार्ड जर्मन ठरत नाही. 'एख्टे फोटोग्राफी' दिसलं तर म्हणजे खरा फोटो, छपाई नाही, पण तेवढ्यावर विश्वास न ठेवता भिंग लावा, ठिपके दिसले तर छपाई, सलग छटा दिसल्या तर फोटो. रिअल फोटोला किंमत वेगळी मिळते.

तारखेसाठी भाषांतर लागतच नाही खरं तर, डोळे लागतात. मागे मधोमध उभी रेघ नसेल, पूर्ण बाजू पत्त्यासाठीच असेल, तर कार्ड जुनं. ब्रिटनने १९०२ मध्ये रेघ आणली, जर्मनीने १९०५, अमेरिकेने १९०७. जपानी कार्डावर तर रेघ कुठे आहे तेही बघायचं, एक-तृतीयांशावर असेल तर १९०७ ते १९१८ मधलं, मध्यावर असेल तर १९१८ नंतरचं. जपानी कार्डांत अॅपची आणखी एक फजिती होते, युद्धाआधी आडव्या ओळी उजवीकडून डावीकडे छापायचे आणि अॅप डावीकडून वाचतं, मग जे काय बाहेर येतं ते वाचून घरात सगळे हसतात. आणि शिक्क्यातलं वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचं असू शकतं, तैशो ५ म्हणजे १९१६, ते १९०५ धरू नका. पोर्तुगीज कार्डांत 'पोर्तुगेझा' हे 'झ' ने असेल तर ते १९११ च्या शुद्धलेखन बदलाच्या आधीचं वळण, अर्थात आधी छापून ठेवलेला साठा नंतरही संपवत होतेच, म्हणून एकट्या स्पेलिंगवर वर्ष ठोकून देऊ नये. तिकीट असेल तर सोपं जातं. राजाच्या तिकिटावर 'रेपुब्लिका' असा शिक्का मारलेला असेल तर ते पोर्तुगालच्या १९१० च्या क्रांतीनंतरचं, आणि किंमत तांगा-रुपियात नसून एश्कुदोमध्ये असेल तर गोव्यापुरतं ते १९५९ नंतरचं.

तारखेला मी इतकी का चिकटते त्याचं कारण नुसता भाव नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू येऊ शकते आणि ती देशाबाहेर पाठवणं आपल्यासारख्याला बेकायदा आहे, ते फक्त केंद्र सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्थाच करू शकते. साधं टपालाचं कार्ड त्यात बसतं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी शंभरीच्या पुढची कार्डं देशातच विकते, मुंबई-पुण्याला घेणारे आहेत, आणि बाहेर पाठवायची ती नंतरचीच. वर्णनात वर्ष अंदाजाने असेल तर 'अंदाजे' लिहिते आणि अंदाज कशावरून तेही, रेघेवरून की तिकिटावरून.

तर आता लिस्टिंग कसं होतं ते सांगते. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात, त्यातली पहिली जागा कार्डावरच्या मूळ ओळीला, मूळ लिपीत, मूळ स्पेलिंगने, असतील ते टिंब-टोप्या-शेपट्यांसकट. फोनच्या कीबोर्डवर अक्षर दाबून धरलं की ते सगळं येतं, जपानीला अॅपनेच वाचलेली अक्षरं कॉपी करून एकेक ताडून बघते, आडवी ओळ असेल तर उलटी करून. का, तर लिस्बनमधला संग्राहक पोर्तुगीजमध्येच शोधतो, तुमच्या भाषांतरात नाही. सुरुवातीला शेजारीपाजारी म्हणायचे की ते कोण वाचणार, पण विचारणा वाढली ती तिथूनच, आणि खालच्या भागात माझं भाषांतर 'साधारण अर्थ' म्हणून येतं, त्यानंतर जुनं-नवं गावाचं नाव, मग चित्रात प्रत्यक्ष काय दिसतंय ते, म्हणजे बोट, पूल, देऊळ, बैलगाडी, कारण बोटींची कार्डं जमवणाऱ्याला गावाशी काही देणंघेणं नसतं.

आणि कंडिशन, हे कुठल्याच भाषेत अॅप सांगणार नाही. आपल्याकडच्या पावसात कार्डाला तांबूस ठिपके पडतातच, कोपरे मऊ होतात, कसर लागते. ते लपवू नका, भाषांतर थोडं चुकलं तर माणूस हसून सोडून देतो पण न सांगितलेला डाग सोडत नाही. एका गिऱ्हाइकाने तर मला मूळ ओळीतली एक टोपी राहिली म्हणून मेसेज केला, दुरुस्त केली, त्याने आणखी तीन कार्डं घेतली.

पैसे भरून मिळणाऱ्या व्हर्जनचं बरेच जण विचारतात. महिनाभर घेऊन बघितलं, छापील अक्षरांना फरक शून्य, हस्ताक्षर थोडं बरं वाचतं पण विश्वास ठेवण्याइतकं नाही, बंद केलं. त्या पैशात चांगलं भिंग येतं आणि कार्डं ठेवायला स्वच्छ पाकिटं येतात, फक्त ती पीव्हीसीची नकोत, दमट हवेत कार्डाला चिकटतात. पाच पैकी किती म्हणाल तर छापील मजकुराला चार, हस्ताक्षराला एक, आणि गोव्याच्या गावांच्या नावांना मी मार्कच देत नाही, तिथे भाईंकडेच जाते.