मेकॅनिकल व्हॉल्व्ह आणि डिप्रेशन, दोन्ही सोबत वापरताना

आधी वस्तू सांगते. टीटीके चित्रा, हृदयाचा मेकॅनिकल व्हॉल्व्ह म्हणजे कृत्रिम झडप, मायट्रल व्हॉल्व्हच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) जागी बसवलाय. आपल्याकडचाच आहे, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने बनवला, 1990 साली पहिल्यांदा माणसाला बसवला. धातूची चौकट आणि आत प्लास्टिकची एक चकती, ती तिरपी होते, रक्त पुढे जातं, परत बंद होते, एवढंच काम. आवाज येतो का हे सगळे विचारतात. येतो, रात्री सगळं शांत असलं की बारीक टक टक कळते, पण मला त्रास नाही. व्हॉल्व्हबद्दल तक्रार शून्य. धाप गेली, पायावरची सूज गेली, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) छान. तरी हे एवढं लांबलचक लिहितेय कारण माझं वय त्रेचाळीस आणि मला बऱ्याच वर्षांपासून सिव्हिअर डिप्रेशन आहे, आणि हे दोन्ही एकाच माणसाला असलं तर काय होतं हे ऑपरेशनच्या आधी मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

मुळात आजार लहानपणीचा. सारखा घसा धरायचा, मग ताप, मग गुडघे सुजायचे, ऱ्हुमॅटिक फीवर. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं ते जाड सुईचं इंजेक्शन काही वर्षं घेतलं आणि मग लग्न, घर, नोकरी यात कधीतरी सुटलं, जसं खूप जणांचं सुटतं. त्या तापाने खराब झालेला हृदयाचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेला. पण थकवा, झोप नाही, अंगात त्राण नाही हे सगळं डिप्रेशनमध्येही असतंच ना, त्यामुळे मी ज्यांच्याकडे जायचे ते फाईलवर सायकियाट्रिस्टचं नाव बघायचे आणि म्हणायचे ताई मनावर घेऊ नका, फिरायला जा. फिरायला जा! जिना चढताना मी मधल्या पायरीवर बसायचे. एक फरक लक्षात ठेवा, आडवं पडल्यावर दम लागतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, उशा वाढवाव्या लागतात, हे डिप्रेशनमुळे होत नाही. माझ्या तीन उशा झाल्या होत्या. शेवटी माझ्या सायकियाट्रिस्टनीच छातीला स्टेथो लावला आणि इको करायला पाठवलं, बाकीच्यांनी नाही.

आता खरा मुद्दा. सर्जन म्हणाले पन्नाशीच्या आत आहात, मेकॅनिकल घ्या, टिकतो. टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीपासून केलेला) कमी वयात लवकर झिजतो आणि परत छाती उघडावी लागते. बरोबरच आहे. पण मेकॅनिकल म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर, रोज, ठरलेल्या वेळेला, आणि अधूनमधून पीटी-आयएनआर ही रक्ताची टेस्ट (रक्त किती पातळ आहे ते कळतं, आकडा जास्त तेवढं जास्त पातळ). (नवीन आलेल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, ज्यांना टेस्ट लागत नाही, त्या मेकॅनिकलला चालत नाहीत. वॉरफॅरिन नाहीतर ॲसिट्रॉमच.) आणि सिव्हिअर डिप्रेशन म्हणजे काय, तर ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी दात घासायला उठवत नाही. मग गोळी कोण घेणार? गोळी चुकली तर व्हॉल्व्हवर गुठळी, आणि ती सुटून मेंदूत गेली तर पॅरालिसिस. हा प्रश्न सर्जनसमोर मी नाही, माझ्या नवऱ्याने विचारला. सर्जन दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले यावर तुमच्या सायकियाट्रिस्टशी मला बोलू द्या. ते दोघं फोनवर बोलले. माझ्या मते त्या सगळ्या प्रकारातली सगळ्यात कामाची गोष्ट ती होती.

त्यात ठरलं असं, की गोळ्या माझ्या ताब्यात नसतील. नवरा आठवड्याचा डबा भरतो, बाकीच्या स्ट्रिप कपाटात कुलूप लावून, आणि संध्याकाळी आठला तो नाहीतर सासूबाई माझ्यासमोर उभं राहून गोळी देतात. सुरुवातीला मला प्रचंड राग यायचा, मी काय लहान मूल आहे का. पण मरायचे विचार ज्यांना येऊन गेलेत त्यांच्या घरात अशी औषधं मोकळी पडलेली नसावीत हे सायकियाट्रिस्टनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते पटलं. (असे विचार येत असतील तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, मी लावलाय.) घरात असं समोर उभं राहणारं कुणी नसेल तर मेकॅनिकल की टिश्यू याचा विचार खरंच वेगळा करावा लागेल, निदान तो विषय काढा तरी. ज्यांना अजून मूल हवंय त्या बायकांनीसुद्धा, कारण या गोळ्या गरोदरपणात बाळाला त्रास देऊ शकतात.

डिप्रेशनच्या गोळीबद्दल. मी सर्ट्रालीन घेते. नातेवाईक म्हणाले ऑपरेशनच्या आधी डोक्याच्या गोळ्या बंद कर, शरीर स्वच्छ पाहिजे. अजिबात मनाने बंद करू नका, एकदम सोडलं की चक्कर, घालमेल, आणि आजार परत उसळतो, तेही ऑपरेशनच्या तोंडावर. पण भूल देणाऱ्यांना नक्की सांगा. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी चिठ्ठी वाचून सांगितलं की हार्टच्या ऑपरेशनमध्ये बीपी फारच पडलं तर कधीकधी मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध देतात, ते या गोळीबरोबर धोक्याचं ठरतं, बरं झालं आधी कळलं. दुसरं म्हणजे या गोळ्यांनी रक्तस्राव थोडा वाढू शकतो आणि वर ॲसिट्रॉम, त्यामुळे निळे डाग, हिरड्या, काळी शी यावर लक्ष ठेवायचं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही बेताने. कॉम्बिफ्लाम वगैरे बंद. अर्जुनसाल, अश्वगंधा, जे काही मावशी-काकू सुचवतील ते डॉक्टरना विचारल्याशिवाय नाही.

आयएनआरचं लोक मेथी-पालकावर ढकलतात. मायट्रल मेकॅनिकलला साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवतात. पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खायची असते. माझं गणित बिघडतं ते भाजीने नाही, न खाण्याने. दिवाळीनंतर एक वाईट आठवडा गेला, चहा-बिस्किटावर होते, भाकरी समोर ठेवली तरी घास उतरत नव्हता. मग एका सकाळी चूळ भरली तर बेसिनमध्ये लाल पाणी. रिपोर्ट आला पाचच्या वर. गोळी एकही चुकली नव्हती! पोटात काही गेलं नाही की व्हिटॅमिन के (पालेभाजीत असतं ते, गोळीच्या उलट काम करणारं) कमी होतं आणि तीच गोळी जास्त चढते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, मी दोन दिवस नीट जेवले नाही की तारीख नसली तरी टेस्ट. घरी बोट टोचून मोजायचं यंत्र मिळतं पण त्याच्या स्ट्रिप महाग पडतात, आम्ही लॅबमध्येच जातो.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे आहे. तीन बॉलचं ते श्वासाचं यंत्र, खोकताना छातीशी उशी, दोन-अडीच महिने वजन उचलायचं नाही. बायकांसाठी, पुढून उघडणारे सुती गाऊन आधीच घेऊन ठेवा, हात वर जात नाही. आणि रडू. आयसीयूतून बाहेर आल्यावर सगळ्यांनाच रडू येतं असं सिस्टर म्हणाल्या, खरंय, पण बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही, डोस वाढवावा लागला, सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट डिस्चार्जच्या आधीच घेऊन ठेवली होती म्हणून निभावलं.

व्हॉल्व्हने डिप्रेशन गेलं का? नाही. आता दम लागत नाही म्हणून अंथरुणात पडून राहायला तेवढं एक कारण कमी झालं, बस.

अजून एक राहिलं, दात. ऑपरेशनच्या आधी डेंटिस्टचं सर्टिफिकेट लागतं कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. डिप्रेशनमध्ये दातांची काय अवस्था होते हे ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. माझ्या दोन दाढा काढाव्या लागल्या आणि तारीख पुढे गेली. तेव्हा सर्जनकडे नंबर लावाल त्याच आठवड्यात डेंटिस्टकडे पण जाऊन या, आणि नंतरही दाताचं काही काम असलं की आधी अँटिबायोटिक लागतं हे त्यांना खुर्चीत बसायच्या आधी सांगा.