आयसीयूतल्या कॅमेऱ्याबद्दल, धंतोली, नागपूर

जाऊबाईंना न्यूमोनिया झाला आणि धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तिथे दर खाटेवर छताला कॅमेरा आहे. पेशंटला त्रास होतोय का, हे तो म्हणे चेहरा आणि हातपाय बघून सांगतो. खाली काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, एआय आहे." मी मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आयसीयूत सिस्टर होते, एवढ्यावर माझं कसलं समाधान होतं!

नळी घातलेल्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून सीपॉट नावाची मोजणी असते: चेहरा, हालचाल, अंगाचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळतंय का, याला प्रत्येकी 0 ते 2 गुण. 8 पैकी 3 किंवा जास्त झाले की दुखतंय असं धरून डॉक्टरांना सांगायचं. पण सिस्टर ही मोजणी काही तासांनी करते. मधल्या वेळेसाठी कॅमेरा खरंच कामाचा आहे. माझ्यासमोर सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, चाललं होतं. जाऊबाईंच्या भुवया खाली आल्या, डोळे गच्च मिटले, आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी पिवळी झाली. सिस्टर पोरीने हात थांबवला, डॉक्टरांना विचारून दुखण्याचं औषध वाढवलं. हे मला आवडलं.

पण नातवाचा आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हाही पट्टी पिवळीच! दुखणं, भीती, माया, तिला सगळं सारखंच. त्यात नळी धरायला गालभर डायनाप्लास्टची चिकटपट्टी, म्हणजे अर्धा चेहरा झाकलेलाच. आणि शेजारच्या खाटेवर स्नायू ढिले करणारं औषध चालू होतं. त्या औषधाने माणूस भुवईसुद्धा हलवू शकत नाही, दुखणं मात्र थांबत नाही. त्याची पट्टी दिवसभर हिरवीगार! अशा पेशंटची पट्टी बंदच ठेवायला हवी, असं मी इन्चार्ज सिस्टरला सांगितलं. तिला पटलं, पण दुसऱ्या दिवशी पट्टी होती तशीच होती.

रात्री पट्टी लाल झाली, तरी कुणी उठेना. रात्रीच्या सिस्टरला विचारलं तर, "मावशी, आवाज बंद केलाय. सारखा वाजून राहिला होता." तिच्याकडे व्हेंटिलेटरच्या तीन खाटा होत्या, तिला काय बोलणार?

स्पंजिंगच्या, म्हणजे अंग पुसायच्या वेळी कॅमेरा थांबवायचं बटण आहे. ते दाबलं का, हे नातेवाइकांनीच बघायचं. चित्रण किती दिवस ठेवता, याचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि संमतीच्या कागदावर कॅमेऱ्याचं नाव नाही. बिलात मात्र 'स्पेशल मॉनिटरिंग' रोज वेगळं लावलंय.

कॅन्टीनचे पोहे बरे, तर्री पाणचट. बाहेर थांबायच्या हॉलमधला कूलर नुसती गरम हवा फेकतो.

पाचपैकी तीन स्टार. पेशंट ठेवायचाच असेल, तर रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, ते आधी विचारून घ्या.