नॉइजलेस म्हणून साधे सिंगल कॉइल विकले: स्ट्रॅटवाल्यांनो, व्हिडिओत स्विच कुठे आहे ते पाहा

इलेक्ट्रिक गिटारसाठी सेकंडहँड नॉइजलेस पिकअप (तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारा, पण घूंघूं न करणारा भाग) घेणार असाल, तर विकणाऱ्याने पाठवलेल्या तुलनेच्या व्हिडिओत सिलेक्टर स्विच (कोणता पिकअप वाजेल ते ठरवणारा) दिसतोय का, ते सगळ्यात आधी पाहा. माझे साडेआठ हजार रुपये त्या न दिसलेल्या स्विचपायी गेले.

मी पुण्यात एका बँडमध्ये वाजवतो. हॉलमध्ये दिव्यांचे डिमर लागले की माझ्या स्ट्रॅटमधून, म्हणजे तीन सिंगल कॉइल पिकअपच्या इलेक्ट्रिक गिटारमधून, घूंऽऽ सुरू होतं, गेन (ॲम्पमधली सिग्नलची ताकद) वाढवला की गाणाऱ्याचा आवाजही त्यात बुडतो. सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेला पिकअप, विजेची ५० हर्ट्झची हम (घुमणारा आवाज) तशीच पकडतो. म्हणून नॉइजलेसच्या ‘स्टॅक’ प्रकारात एकाखाली एक अशा दोन कॉइल बसवतात. दोघींनी पकडलेली हम उलट दिशेने येऊन एकमेकींना मारते. दुसरा प्रकार दोन बारीक पट्ट्यांच्या रेल्सचा; ते वाजवून पाहिले होते, पण ते जाड वाजतात. तिसऱ्या, ॲक्टिव्ह प्रकाराला बॅटरी लागते. उरले स्टॅक. त्यांच्यात उंच सुरांतली चमक थोडी कमी होते, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते.

तेवढ्यात एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या स्टॅक सेटची जाहिरात दिसली. ‘सर, गिटार विकली, पिकअप काढून ठेवलेत, ओरिजिनल आहेत, डोळे झाकून घ्या.’ सोबत व्हिडिओ. आधी साधा पिकअप, हम भरपूर. मग ‘नॉइजलेस’, एकदम शांत, आणि चमक मात्र जशीच्या तशी. तुलनेत हाच सेट सगळ्यांत सरस ठरत होता. ठरणारच, कारण तो साधा सिंगल कॉइलच होता!

शांतता कुठून आली, ते बसवल्यावर कळलं. स्ट्रॅटच्या पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकत्र वाजतात, बाकी जागांवर एकेकच. मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवांचा असेल, तर या दोन जागांवर साध्या सिंगल कॉइलचीही हम कटते. व्हिडिओतला ‘साधा’ पिकअप एकटा वाजवला होता आणि ‘नॉइजलेस’ याच जोडजागांवर. स्विच पूर्ण वेळ हाताआड. मी स्विच पहिल्या जागेवर आणला आणि पहिल्यासारखीच घूंऽऽ सुरू झाली.

विकणाऱ्याला जाब विचारला तर उत्तर आलं, ‘तुमच्या घरातलं अर्थिंग खराब आहे.’ या उत्तराला बळी पडू नका. अर्थिंग किंवा शिल्डिंगच्या (बाहेरचा आवाज अडवणाऱ्या धातूच्या आवरणाच्या) दोषाचा आवाज बहुतेकदा तारांना हात लावला की कमी होतो. माझ्याकडे तारा घट्ट धरूनही हम राहत होती आणि ॲम्पसमोर गिटार हातात धरून जागच्या जागी वळलं की कमी-जास्त होत होती. म्हणजे कॉइलच ती पकडत होती. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझ्यासमोर कव्हर काढलं. आत वरपासून खालपर्यंत एकच कॉइल, लोखंडी पोल (प्रत्येक तारेखालचे खिळे) आणि तळाला चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. मीटरवर रोध (विजेला होणारा अडथळा) सहा किलोओहमच्या आसपास. फोटो पाठवल्यावर ‘सोल्डर लावलेला माल परत घेत नाही’ एवढं लिहून त्याने मला ब्लॉक केलं.

रोधाच्या आकड्यावर किंवा दोनच वायर आहेत यावर एकट्याने निकाल लावू नका. काही खऱ्या नॉइजलेसचा रोधही तेवढाच असतो, आणि काहींना वायरही दोनच असतात. सलग एका व्हिडिओची मागणी करा: स्विच फ्रेममध्ये, पहिली, तिसरी, पाचवी जागा एकेक करून, गेन वाढवलेला, नॉइज गेट (हम दाबणारं उपकरण) बंद, आणि वाजवणारा ॲम्पसमोर गिटार घेऊन हळूहळू गोल वळतोय. शिवाय पिकअपच्या तळाचा स्वच्छ फोटो. खरा माल असणाऱ्याला याला पाच मिनिटं लागतात. जो टाळाटाळ करतो, त्याला पैसे पाठवू नका.

पैसे यूपीआयने गेले होते. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे, बँकेलाही कळवलं आहे. संभाषणाचे स्क्रीनशॉट, मूळ व्हिडिओ आणि कव्हर उघडतानाचे फोटो जोडले आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. तोच व्हिडिओ मात्र दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत पुन्हा दिसला. निळा पिकगार्ड (गिटारच्या पुढच्या बाजूची संरक्षक पट्टी), डाव्या हाताने झाकलेला स्विच आणि मागे पांढरा पडदा. हे दृश्य तुमच्यासमोर आलं, तर तिथून पुढे जाऊ नका.